कॉलनीतला पेरू आणि अंगातले रक्त

नवा लेआउट पडला की त्यात बागेसाठी मोकळी जागा सोडावी लागते. पुढे त्या जागेत बाग होतेच असे नाही. गाजरगवत मात्र हमखास होते. अलीकडे काही कॉलन्यांतली मंडळी रविवारी सकाळी कुदळ-फावडी घेऊन जमतात आणि तिथे झाडे लावतात. ‘डॉक्टर, आरोग्याला कोणते झाड चांगले?’ असे मला विचारतात. मी कडुलिंब सांगेन अशी त्यांची अपेक्षा असते. मी सांगतो, पेरू लावा.

त्याचे कारण ॲनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी असणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांत तो आढळला. पाच वर्षांखालील मुलांत तर सुमारे ६९ टक्के! आपल्या बाजरीत, डाळीत, पालेभाजीत लोह असते. पण वनस्पतींतले लोह आतड्यात सहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. शंभर ग्रॅम पेरूत हे जीवनसत्त्व सुमारे २०० मिलिग्रॅम असते. प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम पुरते. सफरचंदात ते नावालाच. तरी आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदेच नेतो. महाग ते औषधी, अशी आपली समजूत!

अर्थात रक्त फार कमी असेल तर पेरूवर विसंबू नये. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्याच लागतात.

पेरूबरोबर आवळा लावावा, पण एकटा नको. वेगवेगळ्या जातींची दोन झाडे असली तर फळधारणा चांगली होते. जांभूळ मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावा. झाड उंच वाढते, फांदी ठिसूळ असते, आणि पडलेल्या मुलाचा हात शेवटी आम्हालाच बसवावा लागतो. पेरू छाटून ठेंगणा ठेवता येतो, जमिनीवरूनच फळ तोडता येते. पावसाळ्यातल्या पेरूत फळमाशीच्या अळ्या फार, हिवाळ्यातला चांगला. वटवाघळाने किंवा पाखराने उष्टावलेले फळ मुलांना देऊ नये, आणि चांगले फळही धुऊनच खावे.

फळे लागली की लिलाव करून कॉलनीसाठी निधी जमवण्याची टूम निघते. मी त्याच्या विरुद्ध आहे. पेरू शाळकरी मुलांच्या आणि घरकामाला येणाऱ्या बायकांच्या पोटात जावेत. दगड मारू नयेत एवढाच नियम पुरे.

जागा नगरपालिकेची असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी. वर विजेच्या तारा नाहीत ना, हे पाहावे. खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत, माती-शेणखताने भरावेत आणि चांगला पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. पेरूचे कलम दोन-तीन वर्षांत फळ देऊ लागते. पण त्याआधीचे उन्हाळे काढायचे असतात. लावणीला फोटोपुरती पन्नास माणसे जमतात, एप्रिलमध्ये बादली घेऊन कोणी दिसत नाही. म्हणून पाणी घालण्याच्या पाळ्या लावणीच्याच दिवशी, घरांच्या नावानिशी, वहीत लिहून घ्या.