तिचा भाऊ आहे ना!

‘मी आहे तोवर ठीक आहे गं, पण माझ्यामागे हिचं कसं व्हायचं?’ विशेष मुलाच्या आईच्या तोंडी हा प्रश्न कधी ना कधी येतोच. घरातलं उत्तरही ठरलेलं, ‘तिचा भाऊ आहे ना! तो बघेल की.’

बघेलही. पण त्याची बदली झाली, त्याचंच काही दुखणं निघालं तर? शिवाय बँकेला त्याची माया दिसत नाही, कागद दिसतो.

आपल्या नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ सुरू केली. तेव्हाची मुलं आज पन्नाशीच्या पुढची. आईवडिलांमागे मुलं राहणार, हे धरूनच तयारी करायला हवी.

मैत्रिणींनो, मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आपलं पालकत्व संपतं, हे मी सांगते तेव्हा बऱ्याच आया चकित होतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात यावर सोय आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान मुलासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती अर्ज तपासून नेमणूक करते. पालकाला सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. त्याने हेळसांड केली किंवा पैसे खाल्ले, तर त्याला काढताही येतं. केवळ तोंडी शब्दावर हा वचक कुठून येणार?

आता पैशाचं. ‘फ्लॅट हिच्याच नावावर करून टाकू,’ असं मायेपोटी वाटतं. पण तिला व्यवहार समजत नसेल, तर तो विकताना किंवा भाड्याने देताना सही कोण करणार? सगळं भावाच्या नावावर केलं, तर ते त्याचं झालं. तिचा हक्क उरला नाही. मधला मार्ग म्हणजे तिच्यासाठी खासगी ट्रस्ट. दोन-तीन विश्वासाचे विश्वस्त नेमायचे आणि पैसा फक्त तिच्या खर्चासाठी वापरायचा, असं लिहून ठेवायचं. मृत्युपत्रातूनही असा ट्रस्ट करता येतो. मात्र तो वकिलाकडूनच लिहून घ्या. जमलं तर सांभाळणारा एक आणि हिशेब बघणारा दुसरा ठेवा. दोघांनाही ते सोपं जातं.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. घरात सरकारी पेन्शन असेल, तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाचं नाव आपल्या हयातीतच नोंदवून ठेवा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्याचीही चौकशी करा.

याबरोबर एक साधी वही घाला. औषधं कोणती, किती वाजता? झोपताना दिवा लागतो का? कुकरच्या शिट्टीला घाबरते का? रागावली की काय केल्यावर शांत होते? हे सगळं फक्त आईला ठाऊक असतं, आणि पुढे सांभाळणाऱ्याला पहिल्या दिवसापासून तेच लागतं.

आणि हो, हे ठरवताना भावाला आणि वहिनीला समोर बसवून विचारा. त्यांना कितपत जमेल, हे मोकळेपणाने सांगू द्या. तिला जेवढं कळतं, तेवढं तिलाही विचारा, ‘तुला कुणाकडे राहायला आवडेल?’