पडद्यावरचं काळं, कागदावरचं काळं

संगणकाच्या पडद्यावर काळं म्हणजे काहीच नसतं. तेवढ्या जागी उजेड नसतो इतकंच. प्रिंटरला मात्र तेच काळं शाईने भरून काढावं लागतं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात रत्नागिरीत डीटीपीचं काम करताना याच्याशी रोज गाठ पडायची. प्रोजेक्टला ‘आउटपुट स्क्रीन’ जोडणारे विद्यार्थी यायचे, पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका करून घेणारे यायचे. सगळ्यांना पडदा जसाच्या तसा कागदावर हवा असायचा.

खरं तर जसाच्या तसा उतरवला, तर तो नीट वाचता येत नाही. डॉसमध्ये ‘ग्राफिक्स डेस्कजेट’ अशी कमांड देऊन शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबलं, की काळी पार्श्वभूमी आपोआप पांढरी होऊन अक्षरं काळी उमटत. काळ्यावर पांढरंच हवं असेल, तर कमांडला ‘/आर’ मुद्दाम जोडावा लागे. ही सोय करणाऱ्याला कागदाची चांगली जाण होती. विंडोज आल्यावर ते काम आपल्या हाती आलं: चित्र पेंटमध्ये पेस्ट करायचं आणि कंट्रोल-आय दाबून रंग उलटे करायचे.

डेस्कजेट हा एचपीचा इंकजेट प्रिंटर. या जातीचा एचपीचा पहिला प्रिंटर, थिंकजेट, १९८४चा. त्याच्या डोक्याला १२ छिद्रं होती आणि इंचाला ९६ ठिपके पडत. १९८८च्या डेस्कजेटने ते ३००वर नेले. छिद्रामागचा बारीक रोधक क्षणभर तापतो, शाईचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर उडतो.

आकाराचा हिशेब मला फार आवडायचा. ६४० बिंदूंचा पडदा एका बिंदूला एक ठिपका या मापाने छापला, तर दोन इंचांहून किंचितच रुंद येतो. अंदाजाने ताणला, तर अक्षराची एक उभी रेघ जाड येते, शेजारची बारीक. म्हणून वर्डमध्ये चित्राची रुंदी नेमकी ६.४ इंच ठेवायची. मग प्रत्येक बिंदूला तीन बाय तीन ठिपके मिळतात आणि सगळ्या रेघा सारख्या येतात. विंडोजच्या खिडक्यांचा करडा रंग मात्र रवाळच यायचा. काळ्या शाईत करडं म्हणजे विरळ ठिपके, त्याला इलाज नव्हता.

रंगीत छपाईत खरी कसोटी लागे. डेस्कजेट ५००सीमध्ये एका वेळी एकच कार्ट्रिज बसायचं, काळं किंवा तिरंगी. तिरंगी लावलं, की काळं तीन शाया मिसळून तयार होई. ते मळकट, हिरवट दिसायचं आणि कागद तिप्पट भिजायचा. फॉक्सप्रो या डेटाबेस-सॉफ्टवेअरचा निळ्या पार्श्वभूमीचा पडदा छापताना डोकं एकेक पट्टा ओढत जाई आणि त्यामागे कागदाला लाटा येत. गिऱ्हाईक कागद उचलायला हात पुढे करी, तेव्हा त्याला थांबवावं लागे. ओल्या शाईवर बोट लागलं, की पान वाया.

कोकणातल्या पावसाळ्यात तर कागद आधीच सादळलेला. अशा कागदावर शाई तंतूंमधून पसरते, ‘अ’च्या पोटातली मोकळी जागा बुजते. जुलैत आम्ही छपाईचा दर्जा मुद्दाम ‘ड्राफ्ट’वर ठेवायचो: शाई कमी पडते, अक्षर फिकट पण सुटं येतं. माहितीपुस्तिकेचं काम असेल, तर काळा मजकूर आणि रंगीत पडदे वेगवेगळ्या पानांवर लावायचे, म्हणजे कार्ट्रिज एकदाच बदलावं लागे. आणि कागदाचं रिम कधीच पूर्ण उघडायचं नाही. लागतील तेवढी पानं काढून उरलेलं लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचं.