अंतर हीदेखील फीच आहे

शासनाने फी माफ केली की शिक्षण मोफत झाले, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. वस्तुतः कोणत्याही गोष्टीची किंमत म्हणजे केवळ तिच्यासाठी मोजलेले पैसे नव्हेत. ती मिळविताना जे जे गमवावे लागते, ते सारे तिच्या किमतीत धरावे लागते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असलेला हा नियम शाळांचा हिशेब मांडताना मात्र विसरला जातो, आणि त्याचा भुर्दंड चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील गावांवर पडतो.

फीमाफीच्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा निःसंशय अभिमानास्पद आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. गोखले यांचे १९११ चे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळाने फेटाळले. पण त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९१७ साली, शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. हा दंड नैतिक दृष्ट्या समर्थनीय होता, कारण गावोगावी शाळा नेण्याची जबाबदारी संस्थानाने स्वतःवर घेतली होती. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिक मागासांना फीमाफी मिळाली, त्यानंतर मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत झाले, आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. या कायद्याने अंतराचाही विचार केला. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत, असा नियम ठरला.

आता या नियमाला छेद देणारी विचारसरणी प्रशासनात बळावत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करून त्यांतील मुले जवळच्या शाळांत पाठविण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभाराव्यात, यासाठी प्रस्ताव मागविण्यात आले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही त्यासाठीची आदर्श उदाहरणे. वीसच्या आत पट असलेल्या शाळांची संख्या राज्यात पंधरा हजारांच्या आसपास सांगितली गेली. दर विद्यार्थ्यामागे होणारा खर्च काढला, तर अशा शाळा महाग ठरतात, हे कोणीही कबूल करील.

पण कोणाला महाग? ताडोब्याच्या दाराशी वसलेल्या मोहर्लीच्या परिसरातून हा प्रश्न पाहावा. आगरझरी, सीतारामपेठ, मुधोली, जुनोना ही गावे जंगलाच्या कुशीत आहेत. समजा, एखाद्या वाडीतील शाळा बंद झाली आणि नवी शाळा तीन किलोमीटरवर आली. कागदावर हे अंतर क्षुल्लक आहे. येथे मात्र सात वर्षांचे मूल एकटे पाठविता येत नाही. बाप सोडायला जाईल, परत येईल, पुन्हा आणायला जाईल. त्याची बारा किलोमीटरची पायपीट झाली आणि दिवसाची मजुरी बुडाली. शाहू महाराजांचा दंड महिन्याला एक रुपया होता आणि तो मूल न पाठविणाऱ्याला होता. हा दंड रोजचा आहे आणि तो मूल पाठविणाऱ्याला आहे.

भीती काल्पनिक म्हणावी, तर मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. या जंगलात सफारीला आलेल्या पर्यटकाला वाहनातून खाली पाय ठेवण्याची मनाई असते, सोबत वाटाड्या असतो, आणि हे योग्यच आहे. त्याच परिसरातील मुलाला मात्र दप्तर घेऊन पायी जा, असे सांगण्यात कोणाला विसंगती वाटत नाही!

त्यात हंगामाची भर पडते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे वेचावी लागतात, आणि उन्हामुळे शाळाही नेमकी सकाळची असते. शाळा गावातच असली, तर मूल टोपली ठेवून वर्गात पोहोचते. ती दूर गेली की त्या दोन महिन्यांत टोपलीच जिंकते.

नायजेरियाचा अनुभव येथे बोलका आहे. त्या देशाच्या पश्चिम प्रांतात ओबाफेमी आवोलोवो यांच्या सरकारने जानेवारी १९५५ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केले आणि पटसंख्या झपाट्याने वाढली. पूर्व प्रांताने १९५७ मध्ये त्याचे अनुकरण केले. परंतु पैसा पुरेना, म्हणून पुढच्याच वर्षी फी परत आणली. तेव्हा तेथील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. फी परत आली की ती दिसते, तिच्याविरुद्ध मोर्चा निघतो. शाळा दूर गेली तर मोर्चा निघत नाही. मूल मुकाट्याने घरी राहते, आणि हजेरीपटावर त्याचे नाव काही काळ तसेच चालत राहते.

समूह शाळांच्या बाजूने काहीच बोलता येणार नाही, असे नाही. एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, त्यात निवडणूक, सर्वेक्षण आणि माहिती भरण्याची कामे, तेथे अध्यापन नावापुरतेच उरते. खेळाला गडी पुरत नाहीत. आठवीनंतरच्या शिक्षणासाठी तर एकत्रीकरण अपरिहार्यच आहे, आणि मानव विकास कार्यक्रमातील मुलींसाठीच्या बसगाड्या व सायकली यांनी त्याला मोठा हातभार लावला आहे. तथापि पंधरा वर्षांच्या मुलीचा उपाय सहा वर्षांच्या मुलाला लागू पडत नाही.

म्हणून मागणी माफक आहे. शाळा बंद करण्याच्या प्रत्येक प्रस्तावात बचतीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा: वाहनाचे वर्षभराचे भाडे, सोबत जाणाऱ्या मदतनीसाचे मानधन, आणि वाहन न आलेल्या दिवशी पालकाची बुडणारी मजुरी. ही बेरीज एका शिक्षकाच्या पगाराशी ताडून पाहावी, ग्रामसभेत ती मोठ्याने वाचून दाखवावी, आणि मगच शाळेला कुलूप लावायचे की नाही ते ठरवावे.