अभिसरण: जवळ येणं आणि एक होणं

आज आपण एकाच शब्दाभोवती बोलणार आहोत: अभिसरण. इंग्रजीतल्या 'कन्व्हर्जन्स'साठी मराठीत हा शब्द रूढ झाला आहे. सरकारी कागदांत 'योजनांचे अभिसरण' असतं. फोन, कॅमेरा आणि रेडिओ एकाच यंत्रात आले, तर त्यालाही कन्व्हर्जन्स म्हणतात. इतक्या ठिकाणी वापरला की शब्द सैल होतो. 'जवळ आले' आणि 'एक झाले' यांतला फरक पुसला जातो. तो फरक का जपायचा, हे आज पाहू.

आधी फोड करू. 'सृ' म्हणजे सरकणे, जाणे. 'अभि' म्हणजे च्या दिशेने. प्रियकराला भेटायला निघालेली नायिका ती अभिसारिका. ती निघाली आहे एवढंच शब्द सांगतो, पोहोचली असं सांगत नाही. लॅटिन मूळही असंच आहे: एकत्र कलणे. मराठीत मात्र एक घोटाळा होतो. 'रक्ताभिसरण' म्हणताना आपल्याला रक्ताचं फिरणं अभिप्रेत असतं, एका बिंदूकडे जाणं नव्हे. 'सामाजिक अभिसरण' म्हणतानाही पुष्कळदा असं खेळतं राहणंच मनात असतं. आज आपण जवळ येण्याच्या अर्थापुरतं बोलू.

गणितात हा अर्थ सर्वांत काटेकोर आहे. एक भाकरी घ्या. अर्धी खाल्ली, मग उरलेल्याची अर्धी, मग त्याची अर्धी. १/२ + १/४ + १/८ अशी ही बेरीज १ च्या हवी तितकी जवळ जाते, पण कुठल्याही टप्प्यावर १ होत नाही. अशा श्रेढीला अभिसारी म्हणतात. आता १ + १/२ + १/३ + १/४ ही बेरीज पाहा. इथेही पदं लहान लहान होत जातात, पण तुम्ही कितीही मोठी संख्या सांगा, बेरीज कधी ना कधी ती ओलांडतेच. ही अपसारी. म्हणजे पावलं लहान झाली म्हणून मुक्काम जवळ आला, असं होत नाही.

जीवशास्त्रात शार्क आणि डॉल्फिन घ्या. शार्क मासा, डॉल्फिन सस्तन प्राणी. पाणी कापत वेगानं पोहायच्या गरजेनं दोघांची शरीरं सारखी घडली. म्हणून ते जवळचे भाऊबंद ठरत नाहीत.

आता आपल्याजवळचं उदाहरण. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाअभ्यासकांचा या गावावरचा लेख १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या अभ्यासक्रमांत गेला. गावात जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुस्लीम घरांत उर्दू, दलित घरांत मराठी. शेतात, बाजारात रोजचा संबंध, आणि तो शतकानुशतकांचा. त्यांनी नोंदवलेलं एक वाक्य ऐका. मराठीत 'पाला जरा कापून घेऊन आलो', उर्दूत 'पाला जरा काट के ले के आया'. कन्नडमध्ये क्रियापदं कन्नडच, पण क्रम तोच, आणि 'जरा'सुद्धा तोच. जणू वाक्याचा साचा एक आणि त्यात भरायचे शब्द आपापले.

मराठीही हलली होती. कन्नडमध्ये माणसं सोडून बाकी वस्तू नपुंसकलिंगी. आपण म्हणतो 'नदी आली'; कुपवाडच्या मराठीत 'नदी आलं' अशी नोंद झाली आहे. पुण्यामुंबईच्या कानाला ती चूक वाटेल. पण ती शेजाराची खूण आहे.

मग तिन्ही भाषा एक का झाल्या नाहीत? कारण घरची भाषा ही आपल्या माणसांची ओळख होती. व्याकरण जवळ आल्यानं व्यवहार सोपा झाला आणि शब्द वेगळे राहिल्यानं ओळख टिकली. वेगवेगळ्या गटांत बोलायचं तर मराठी चाले, कारण गावातल्या प्रबळ जमातींपैकी कुणाचीच ती घरची भाषा नव्हती.

पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला आणि 'एकच साचा' ही मांडणी चिकित्सकपणे तपासली. मधल्या काळात परिस्थितीही पालटली. आज कुपवाड हा सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा भाग आहे. शाळा, कचेरी, वर्तमानपत्र यांचं वजन एकाच भाषेच्या पारड्यात असलं, की सगळ्यांनी थोडं थोडं सरकायचं राहत नाही. एकानंच सरकायचं, असं होतं. त्याला अभिसरण हे नाव देणं म्हणजे नुसतं गोड बोलणं.

म्हणून हा शब्द कानावर पडला, मग तो भाषांबद्दल असो, योजनांबद्दल असो की समाजांबद्दल, आपण दोन प्रश्न विचारावेत. सरकतंय कोण, दोघं की एकच? आणि जवळ आल्यावर प्रत्येकाचं स्वतःचं काय शिल्लक राहतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तर त्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे: विलीनीकरण. तिथे तोच वापरावा.