शस्त्रक्रियेचा शेष

ऋण, अग्नि आणि व्याधि यांचा शेष राहूं देऊं नये, असा आपल्याकडील वृद्धांचा जुना इशारा आहे. पहिल्या दोहोंविषयीं घरचा कर्ता पुरुष सहसा सावध असतो; तिसऱ्याविषयीं मात्र सुशिक्षित कुटुंबांतहि मोठी बेफिकिरी आढळते. हाडाची किंवा पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली, टांके निघाले, रोगी जिना चढूं लागला, कीं प्रकरण मिटलें असें सर्वांस वाटतें. वस्तुतः अशा शस्त्रक्रियांचा शेष क्वचित् दहा-वीस वर्षांनींहि डोकें वर काढतो. त्याची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच आमचा हेतु आहे.

कृत्रिम खुब्यास आजचें रूप देणारे इंग्लंडांतील शस्त्रवैद्य सर जॉन चार्न्ली यांचा अनुभव या बाबतींत बोधप्रद आहे. १९५८ च्या सुमारास राइटिंग्टन येथील रुग्णालयांत त्यांनीं खुब्याची वाटी टेफ्लॉन नांवाच्या निसरड्या द्रव्याची बनविली. सुमारें तीनशें रोग्यांस ती बसविली गेली. आरंभीं रोगी वेदनामुक्त होऊन हिंडूं लागले. परंतु थोड्याच वर्षांत वाट्या झिजल्या आणि झिजेच्या कणांनीं भोंवतालचें मांस व हाड बिघडविलें. चार्न्लींनीं दोष झांकला नाहीं. टेफ्लॉन व पॉलिएथिलीन या दोहोंचे नमुने स्वतःच्या मांडींत घालून त्यांनीं परिणाम पाहिला, व १९६३ मध्यें तो ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. १९६२ च्या नोव्हेंबरपासून त्यांनीं पॉलिएथिलीनची वाटी वापरली.

तीहि थोडीथोडी झिजतेच. शरीरांतील भक्षक पेशी हे कण गिळतात, पण त्यांस ते पचत नाहींत. त्यांच्या संकेतानें हाड शोषणाऱ्या पेशी जाग्या होतात व सांध्याभोंवतींचें हाड पोखरलें जातें. विलक्षण गोष्ट ही कीं, बराच काळ रोग्यास कांहींच दुखत नाहीं. ती पोकळी प्रथम दिसते ती क्ष-किरणांच्या चित्रांत.

दुसरा शेष जंतूंचा. कृत्रिम सांधा किंवा स्क्रू हें निर्जीव द्रव्य. त्याजवर जंतु बसले, तर ते स्वतःभोंवतीं चिकट पापुद्रा निर्माण करून त्याच्या आड औषधांपासून लपतात. ते शस्त्रक्रियेच्या वेळींच शिरतात असें नाहीं. किडका दांत, पायाची जखम, मूत्रमार्गाचा दाह अशा ठिकाणांहून रक्तावाटे कित्येक वर्षांनींहि तेथें पोंचतात. कांहीं तर इतके मंदगति, कीं प्रयोगशाळेंत उगवण्यास त्यांस दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून ताप आला किंवा जुन्या व्रणांतून स्राव दिसला, तर घरांत उरलेल्या गोळ्या रोग्यास देऊं नयेत; त्यांनीं जंतु मरत नाहींत, तपासणींत मात्र सांपडेनासे होतात.

मणक्यांची गोष्ट निराळी. मणक्यांमधील गादी सरकून मज्जातंतूवर दाब येतो व पायांत कळ जाते, हें बॉस्टनच्या मिक्स्टर व बार यांनीं १९३४ मध्यें स्पष्ट केलें. शस्त्रक्रियेंत सरकलेला तुकडा काढतात. उरलेली गादी जागींच असते व तीच पुन्हां सरकूं शकते. शंभरांत सुमारें पांच ते पंधरा रोग्यांच्या बाबतींत असें घडतें. दोन मणके सांधून एक केले, तर एकत्र कुटुंबांत एकानें अंग काढून घेतल्यावर त्याचा भार शेजारच्या भावावर पडावा, तसा तो शेजारच्या मणक्यांवर पडतो. यांत वयाचा वाटा किती व शस्त्रक्रियेचा किती, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र मलमूत्राचें नियंत्रण सुटलें किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर एक रात्रहि न दवडतां रुग्णालय गांठावें.

हें वाचून कोणीं शस्त्रक्रियेस भिऊं नये. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार पंचवीस वर्षांनंतरहि शंभरांपैकीं सुमारें अठ्ठावन्न खुबे व ब्याऐंशी गुडघे टिकून होते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, उरलेल्यांची दखल वेळेवर घेतली जावी. जन्मपत्रिका आपण तीन पिढ्या जपतों. शस्त्रक्रियेची टिपणी, बसविलेल्या सांध्याचा प्रकार व क्रमांक, आणि क्ष-किरणांचीं चित्रें मात्र घर बदलतांना रद्दींत जातात. मग पंधरा वर्षांनीं परगांवच्या डॉक्टरांपुढें आजोबा बसले, म्हणजे आंत काय बसविलें आहे हें कोणासच सांगतां येत नाहीं. वृद्ध माणसें घरच्यांस त्रास नको म्हणून दुखणें गिळतात, आणि घरचीं माणसें तें वयावर ढकलतात. तेव्हां हे कागद पत्रिकेच्याच पेटींत ठेवावे, मुलासुनांस ते कोठें आहेत हें ठाऊक असावें, आणि कांहीं दुखत नसलें तरी डॉक्टरांनीं नेमून दिलेली तपासणी चुकवूं नये.