डिकीचं झाकण, कुलूप आणि व्यतिरेकाची परीक्षा



मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातल्या अन्वय आणि व्यतिरेक या जोडीपर्यंत आलो होतो. आज व्याप्तीचा विचार घ्यायचा होता. पण त्या दिवशी उठता उठता एका श्रोत्यांनी असा प्रश्न विचारला, की आजचा तास त्यालाच द्यायचं आम्ही ठरवलं. हे गृहस्थ पनवेल स्टेशनच्या नवीन पनवेल बाजूला भाड्याची गाडी चालवतात. त्यांच्या गाडीला मागून धडक बसली, डिकीचं झाकण चेपलं, कुलूपही चेंगरलं. भंगारातून त्याच मॉडेलचं दुसरं झाकण आणून बसवून घेतलं. झाकणाबरोबर त्याचं स्वतःचं कुलूप आणि किल्ली आली होती. ते कुलूप यांच्या जुन्या किल्लीला जुळवून मिळालं. ते म्हणाले, "सर, माझी किल्ली लागते. पण झाकणाबरोबर आलेली ती परकी किल्लीसुद्धा लागते. मग काम झालं म्हणायचं की नाही?"

प्रश्न गमतीचा वाटेल, पण तो तसा नाही. त्यांच्या डिकीत रोज दुसऱ्यांच्या बॅगा असतात. कोकणात लग्नाला निघालेल्या घरातलं काय काय त्या बॅगांत असेल, ते आपण जाणतोच. त्या किल्लीची आणखी एखादी प्रत कुणाच्या खणात पडली आहे, हे कुणाला ठाऊक? तेव्हा आमचं उत्तर असं की काम अर्धं झालं. कोणतं अर्धं झालं आणि कोणतं राहिलं, ते आज पाहू.

आधी झाकणाचं पाहू. झाकण बदलणं हे मुख्यतः बळाचं नव्हे, बेतानं करायचं काम आहे. पहिल्यांदा बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवायची, कारण झाकणात नंबरप्लेटचा दिवा असतो, काही गाड्यांत मागच्या दिव्यांचा भाग आणि विजेवर उघडणारा लॅचही असतो. आतलं अस्तर काढलं की वायरिंगचे जोड दिसतात. ते सुटे करून वायर झाकणातून ओढून काढताना तिच्या टोकाला एक मजबूत दोरा बांधावा. वायर बाहेर येते आणि दोरा वाटेत राहतो. मग त्याच दोऱ्याला धरून नव्या झाकणात दोरा ओवायचा आणि वायर परत ओढून घ्यायची. जुन्या लोकांची पायजम्यात नाडी घालण्याचीच ही युक्ती.

त्यानंतर बिजागऱ्या. बोल्ट ढिले करण्याआधी बिजागरीच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवावी, म्हणजे नवं झाकण कुठे बसायचं ते कळतं. झाकण दोघांनी दोन बाजूंनी धरायचं. काही गाड्यांत झाकण वर उचलून धरायला पीळ दिलेल्या पोलादी सळया असतात, काहींत वायूचे दांडे. त्या सळयांत मोठा ताण साठलेला असतो. माहीत नसताना त्यांना हात लावू नये. बोल्ट झाकणाच्या बाजूचे सोडवावेत, सळया जागच्या जागी राहू द्याव्यात. नवं झाकण ठेवून बोल्ट आधी हलकेच आवळायचे, झाकण सावकाश खाली आणायचं, दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का ते पाहायचं आणि मगच पाना घट्ट फिरवायचा. फट वाकडी राहिली तर रबराचं बिडिंग एका बाजूला दाबलं जाणार नाही. आपल्या पनवेलच्या पावसात मग डिकीत तळं साचायला वेळ लागत नाही.

आता कुलूप. सगळ्यात सोपा मार्ग असा की जुन्या झाकणातलं कुलूप काढून नव्या झाकणात बसवायचं. बऱ्याच गाड्यांत ते एका चापावर आणि एका सळीवर अडकलेलं असतं. जुनं कुलूप धड असेल तर जुळवणीचा प्रश्नच येत नाही. इथे ते धडकेत चेंगरलं होतं, म्हणून नव्या झाकणातलंच कुलूप जुळवावं लागलं.

त्याच्या पोटात काय असतं? बाहेर एक घर असतं, ते हलत नाही. आत एक दंडगोल असतो, तो फिरतो आणि त्याच्या शेपटीनं लॅच सुटतो. दंडगोलाला आडव्या चिरा असतात आणि प्रत्येक चिरेत एक पातळ पितळी पट्टी बसवलेली असते. पट्टीच्या मधोमध चौकोनी खिडकी असते आणि किल्ली त्या खिडक्यांमधून आरपार जाते. छोटीशी स्प्रिंग पट्टीला एका बाजूला ढकलत राहते, त्यामुळे किल्ली नसताना पट्टीचं टोक दंडगोलाबाहेर येऊन घराच्या खाचेत अडकतं आणि दंडगोल फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की तिच्या दातांवर पट्ट्या अशा तोलल्या जातात, की एकही वर किंवा खाली डोकावत नाही. चुकीच्या किल्लीनं एखादी पट्टी कमी उचलली जाते, एखादी जास्त, आणि कुलूप अडतं. खिडकी कितव्या उंचीवर कोरली आहे, यावरून पट्ट्यांचे काही ठरावीक प्रकार होतात. बऱ्याच गाड्यांत पट्टीवर त्या प्रकाराचा आकडाही उमटवलेला असतो.

दंडगोल बाहेर काढून त्यात आपली किल्ली घातली, की कोणत्या पट्ट्या डोकावतात ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. इथून दोन रस्ते फुटतात. पहिला रस्ता असा की डोकावणारी पट्टी काढायची आणि आपल्या किल्लीच्या त्या दाताला शोभेल अशी दुसरी घालायची. ती त्याच कुलुपातल्या दुसऱ्या चिरेतून मिळते, चेंगरलेल्या जुन्या कुलुपातून वाचवता येते किंवा किल्लीवाल्याकडच्या संचातून घेता येते. दुसरा रस्ता झटपट. पट्टीचं जेवढं टोक बाहेर आलं, तेवढं कानशीनं घासून टाकायचं. दहा मिनिटांत आपली किल्ली फिरू लागते आणि गिऱ्हाईक खूश होतं.

पण घासलेल्या पट्टीचं काय होतं, ते नीट पाहा. परकी किल्ली घातली की ती पट्टी आपल्या मूळ उंचीवर येते. तिथे ती पूर्वीही डोकावत नव्हती. आता तर ती आखूड झाली आहे, मग डोकावेल कशाला? म्हणून आपली किल्ली लागते आणि परकीही लागते. या दोन उंचींच्या मधली एखादी तिसरी किल्लीसुद्धा लागू शकते. काही ठिकाणी अडचणीची पट्टी काढूनच टाकतात. तेव्हा त्या चिरेपुरता पहारा उठलाच म्हणायचा. आमच्या श्रोत्यांच्या कुलुपाची लक्षणं कानशीकडेच बोट दाखवतात.

आता मागच्या वेळची जोडी आठवा. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' अजूनही न्यायाचे विद्यार्थी पहिल्यांदा हातात घेतात. त्यातलं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसा तलाव, हा व्यतिरेक. कार्यकारणाला लावलं तर असं, की कारण असलं तर कार्य असतं आणि कारण नसलं तर कार्य नसतं. दोन्ही बाजू जुळल्या की संबंध पक्का म्हणावा. नुसत्या अन्वयावर विसंबलं की घोटाळा होतो. काढा घेतला आणि सर्दी गेली, पण काढा न घेणाऱ्यांचीही सर्दी आठवड्यात जातेच, तर मग काढ्यानं काय केलं?

कुलुपाला हेच लावू. आपली किल्ली घातली की उघडतं, हा अन्वय झाला. आपली किल्ली नसली की उघडत नाही, हा व्यतिरेक. गॅरेजमध्ये किल्ली फिरवून दाखवतात ती अन्वयाची परीक्षा, आणि आपण तिथेच पैसे देऊन निघतो. पण उघडणं हे काही कुलुपाचं खास काम नव्हे. कुलूप नसलेलं झाकणही उघडतंच. कुलूप आणायचं ते नाही म्हणण्यासाठी, आणि ते किती चांगलं नाही म्हणतं ते आपल्या किल्लीनं कधीच कळत नाही, परक्या किल्लीनंच कळतं. बँक आपली सही चालते एवढ्यावर समाधान मानत नाही, दुसऱ्यानं केलेली आपली सही चालत नाही ना, तेही पाहते.

कुलुपं करणाऱ्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. लंडनच्या जोसेफ ब्रामा यांनी १७८४ साली आपल्या कुलुपाचं पेटंट घेतलं. पुढे पिकाडिलीतल्या त्यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलं होतं आणि ते उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस जाहीर केलं होतं. किल्लीनं ते उघडतं हे सांगायला खिडकी लागली नसती. बाकी कशानंही उघडत नाही, हा त्यांचा दावा होता. कित्येक दशकं तो टिकला. १८५१ साली अल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कारागिरानं १६ दिवसांत मिळून पन्नासहून अधिक तास खपून ते उघडलं आणि बक्षीस मिळवलं. एका अर्थी ती भर रस्त्यावर चाललेली व्यतिरेकाची परीक्षा होती. आपल्याकडे अर्देशर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलुपं करायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनाही गिऱ्हाइकाला हाच विश्वास द्यायचा होता.

श्रोत्यांच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. परकं झाकण बसवल्यावर ही गाडी तीच राहिली का? वैशेषिक म्हणतील, अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. बौद्ध म्हणतील, अवयवांहून वेगळा अवयवी कधी नव्हताच. मिलिंद राजाला नागसेनानं रथाचंच उदाहरण देऊन विचारलं होतं, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? व्यवहाराचं उत्तर मात्र निराळं आहे आणि ते मुंबईच्या टॅक्सीनं फार चांगलं दाखवलं.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर गाड्या होऊ लागल्या आणि त्यांतलीच प्रीमियर पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. उत्पादन थांबल्यावर या गाड्या जगल्या त्या बऱ्याच अंशी जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांवर, कुणाचा दरवाजा, कुणाची डिकी असं करत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचा प्रवास संपला. ती २० वर्षं मोजताना झाकणाचं वय कुणी विचारलं नाही, नोंदणीची तारीख पाहिली.

म्हणजे सरकारच्या लेखी गाडीचं तेपण चासी क्रमांकात आणि नोंदणीत असतं. झाकण बदलल्यानं ते हलत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत करायच्या फेरफारांबद्दल आहे. झाकण त्याच मॉडेलचं असेल आणि गाडीच्याच रंगात रंगवलं असेल, तर नोंदवलेल्या तपशिलात फरक पडत नाही. एक गोष्ट मात्र विसरू नये. पुष्कळ गाड्यांत मागची नंबरप्लेट झाकणावरच असते आणि आताची हाय सिक्युरिटी प्लेट ज्या खिळ्यांनी बसवतात, ते मोडल्याशिवाय निघत नाहीत. झाकण बदललं तर अधिकृत ठिकाणाहून प्लेट पुन्हा बसवून घ्यावी लागते. भंगारातल्या झाकणावर दुसऱ्या गाडीची प्लेट असेल तर ती मुळीच राहू देऊ नये, आणि झाकणाची पावती जपून ठेवावी. अशी दोन बंधनं झाकणाला असतात. प्लेट त्याला सरकारी नोंदीशी बांधते आणि कुलूप त्याला घराच्या किल्लीशी बांधतं.

आता श्रोत्यांना करायचं काय? दंडगोल पुन्हा बाहेर काढून घ्यावा. घासलेल्या पट्ट्या बदलून योग्य आकड्याच्या घालाव्यात. कुलूप स्वच्छ करून ग्रॅफाइटची पूड टाकावी, तेलावर धूळ बसते. किल्लीतली चिप इथे आड येत नाही. ती इंजिन सुरू करण्यासाठी असते, डिकीचं हे कुलूप नुसतं यांत्रिक आहे. मग परीक्षा घ्यावी, आणि ती झाकण उघडं असतानाच. स्क्रूड्रायव्हरनं लॅच दाबून बंद करायचा आणि आपल्या किल्लीनं सोडवायचा. तो सुटला पाहिजे. पुन्हा बंद करायचा, आणि आता झाकणाबरोबर आलेली परकी किल्ली घालायची. ती फिरता कामा नये. तोंडात बसतील अशा आणखी दोन-चार किल्ल्याही घालून पाहाव्यात. झाकण उघडं असतानाच हे करायचं कारण साधं आहे. आपलीच किल्ली अडली तर निदान डिकी तरी बंद होऊन बसत नाही. दोन्ही परीक्षा झाल्या की झाकण लावावं आणि कारागिराचे पैसे चुकते करावेत. परकी किल्ली फेकून देण्यानं मात्र काही साधत नाही, कारण तिच्या प्रती किती आहेत ते आपल्याला कळायला मार्ग नाही. ती निरुपयोगी करायची ती कुलपाच्या आतून.

आजच्यापुरतं आम्ही इथे थांबतो. राहिलेला व्याप्तीचा विचार पुढच्या वेळी घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा.