रंधा मशीन: सेटिंग बरोबर असेल तर बोटं जागेवर राहतात



या वेळचा व्हिडिओ रंधा मशीनवर आहे. कोणी त्याला जॉइंटर म्हणतं, कोणी सरफेस प्लेनर. काम एकच: लाकडाची एक बाजू सपाट करायची आणि तिच्याशी काटकोनात दुसरी. व्हिडिओत मशीनच्या आवाजात काही गोष्टी नीट ऐकू येत नाहीत आणि मापं तर पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघावी लागतात, म्हणून इथे लिहून ठेवतोय. मोबाईलवर उघडून मशीनशेजारी ठेवा.

आधी एक साधा हिशेब करू. कटर मिनिटाला साधारण ४ ते ६ हजार फेरे घेतो. ५ हजार धरा, तीन पाती धरा. मिनिटाला १५ हजार घाव, म्हणजे सेकंदाला २५०. "हात लगेच मागे घेईन" असं कोणी म्हणालं तर त्याला हा आकडा सांगा. आणखी एक गोष्ट. करवतीवर तुटलेलं बोट कधी कधी डॉक्टर जोडू शकतात. रंध्यावर गेलेलं बोट जोडायला शिल्लकच राहत नाही, त्याचा भुसा झालेला असतो.

धंद्याच्या बाजूनं बघा. कामगार भरपाईच्या १९२३ च्या जुन्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के क्षमता गेली असं धरलं होतं. कागदावर ३० टक्के. पण ज्या मिस्त्रीला पटाशी धरायची आहे, त्याचं तेवढ्यावर भागतं का, ते तुम्हीच ठरवा. आपण मालक म्हणून पाच मिनिटं वाचवायला जातो, आणि किंमत कोणीतरी दुसरा मोजतो.

सेटिंग आणि सुरक्षा वेगळ्या गोष्टी नाहीत

बरेच जण सेटिंग फिनिशसाठी करतात आणि सुरक्षेच्या नावानं भिंतीवर एक बोर्ड लावतात. प्रत्यक्षात बोट जातं ते बहुतेक वेळा जोर लावताना. पाती बोथट झालीत, मागचं टेबल वर आलंय, कट जास्त घेतलाय, म्हणून लाकूड अडतं. अडलं की माणूस अंग टाकून ढकलतो. मग लाकूड अचानक सुटतं किंवा उडतं, आणि हात पुढे जातो. नीट लावलेल्या मशीनवर लाकूड हलक्या हातानं सरकतं. जोर लागतोय असं वाटलं की थांबा, मशीन बंद करा आणि कारण शोधा.

मागचं टेबल आणि पाती

सगळ्यात आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. थ्री फेज असेल तर मेन खाली पाडा आणि शक्य असेल तर कुलूप लावा. दुकानात चार माणसं असतात, कोण येऊन बटण दाबेल सांगता येत नाही.

रंध्याला दोन टेबलं असतात. पुढचं, म्हणजे इनफीड, जिथून लाकूड जातं. मागचं, म्हणजे आउटफीड, जिथे रंधलेली बाजू येऊन टेकते. कट किती घ्यायचा ते पुढचं टेबल ठरवतं. मागचं टेबल मात्र पात्याच्या सर्वात वरच्या टोकाच्या लेव्हललाच हवं. अर्ध्याहून जास्त तक्रारी इथूनच येतात, असा माझा अनुभव आहे.

तपासायला महागडं गेज लागत नाही. फूटभर लांबीची एक सरळ सागवानी पट्टी घ्या. ती मागच्या टेबलावर अशी ठेवा की तिचं टोक कटरवरून पुढच्या टेबलाकडे जाईल. टेबलाच्या कडेशी पट्टीवर पेन्सिलीची खूण करा. आता पुली हातानं हळू फिरवा, कटरला हात लावायचा नाही. पातं पट्टीला शिवून तिला थोडंसं ओढून नेईल. पुन्हा खूण करा. दोन खुणांमधलं अंतर ३ ते ४ मिमी आलं की बरोबर. पट्टी हललीच नाही तर पातं खाली आहे, १० मिमी सरकली तर खूपच वर.

हे प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना करा. तीन पाती म्हणजे सहा वेळा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण एक पातं वर आणि दोन खाली असतील तर सगळं काम ते एकटंच करतं, लाकडावर लाटा येतात आणि तीन पात्यांचे पैसे देऊन तुम्ही एकच वापरता.

सेटिंग चुकलंय हे लाकूडही सांगतं. फळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचात खड्डा पडत असेल तर मागचं टेबल खाली आहे. फळीचं तोंड मागच्या टेबलाच्या कडेला अडत असेल किंवा फळी निमुळती होत असेल तर ते वर आहे. काही लहान मशीनवर मागचं टेबल हलतच नाही, तिथे पातीच वरखाली करावी लागतात.

पाती बसवताना दाबपट्टीचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत आवळा. सगळे झाले की पहिल्यापासून पुन्हा एकदा. पातं ब्लॉकच्या बाहेर साधारण १ मिमीच डोकावायला हवं. धार लावायला पाती कायम सेटनं द्या, एकच दिलं तर वजनात फरक पडतो आणि मशीन थरथरतं. जुन्या बाजारात चौकोनी कटर ब्लॉकचं मशीन स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. चौकोनाच्या सपाट बाजूसमोर जी पोकळी राहते, तिच्यात बोट आत खेचलं जातं. गोल ब्लॉकमध्ये ती जागाच नसते.

फेन्स गुण्यानं तपासा. गुण्या मागच्या टेबलावर, कटरच्या जवळ ठेवून. बाजूच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो काटा कधीच हललेला असतो.

चालवताना

कट सागवानाला किंवा शिसमला १ मिमी, रुंद बाजू असेल तर अर्धा मिमी. दोनदा फिरवावं लागलं तर फिरवा. वाकलेली फळी असेल तर खोलगट बाजू खाली ठेवा, म्हणजे ती दोन टोकांवर टेकते आणि डुगडुगत नाही.

लाकडाची रेषा बाजूनं बघा. फळीच्या पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे, म्हणजे तुमच्याकडे, रेषा खाली उतरत यायला हव्यात. उलट असतील तर पातं रेषेत शिरून चिपळ्या काढतं आणि फळी झटका देते. मग फक्त फळी फिरवून घ्या.

उभं राहायचं ते पुढच्या टेबलाच्या बाजूला, फळीच्या थेट मागे नाही. लाकूड मागे उडालं तर ते सरळ रेषेत येतं. तिथे हेल्परलाही उभं करू नका.

हात कटरवरून कधीच जाऊ देऊ नका. रुंद बाजू रंधताना दोन्ही हातांत पुश ब्लॉक हवेत. फळीचं तोंड मागच्या टेबलावर पुरेसं आलं की डावा हात तिकडे न्या आणि दाब तिथेच ठेवा. बोटं फळीच्या मागच्या टोकावर अडकवून ढकलायची सवय काही जुन्या मिस्त्रींना असते. त्यांना वयाचा मान द्या, पण ही सवय मोडा. पुश ब्लॉक दुकानातल्या तुकड्यांतूनच बनतो: एक फळकूट, वर मूठ, खाली मागच्या टोकाला अर्ध्या इंचाची टाच. चार बनवून मशीनलाच टांगा. शोधायला लागला तर कोणी वापरत नाही.

एक फुटापेक्षा आखूड तुकडा रंध्यावर घालू नका. तो पुढच्या टेबलावरून मागच्या टेबलावर पोचायच्या आधीच कटरमध्ये कलतो. लहान तुकडे हवे असतील तर लांब फळी रंधा आणि मग कापा. अगदी पातळ पट्ट्यांचंही तेच.

मशीन चालू असताना हातमोजे नकोत. पाती बदलताना हवेत, चालवताना नकोत, कारण मोजा अडकला की हात त्याच्यामागून जातो. मनगटातला धागा, कडं, गळ्यातला गमछा, सैल बाह्या, सगळं काढून किंवा आवरून. चष्मा आणि कानांना मफ हवेतच.

जुन्या वाड्यांचं सागवान आपल्याकडे खूप येतं. लाकूड उत्तम, पण आत खिळे मोडून राहिलेले असतात. आधी लोहचुंबक फिरवा, शंका आली तिथे पटाशीनं उकरून बघा. प्लायवूड तर रंध्यावर नकोच, त्यातला डिंक पात्यांची धार खातो.

स्विच आणि गार्ड

मशीनला साधा खटक्याचा स्विच असेल तर आजच बदला. लाइट जाते, माणूस मशीन तसंच सोडून चहाला जातो, लाइट येते आणि कटर आपोआप फिरायला लागतो, तेव्हा समोर कोणीतरी भुसा झाडत असतं. डीओएल स्टार्टर लावला तर लाइट गेल्यावर तो सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. बंद केल्यावरही कटर बराच वेळ फिरत राहतो, तो पूर्ण थांबल्याशिवाय भुशात हात नाही.

गार्डबद्दल एकच प्रश्न बहुतेक जण विचारतात: "त्यानं काम हळू होतं ना?" फळी सरकते तेवढंच ते बाजूला होतं आणि फळी गेली की परत कटरवर येतं. अडकत असेल तर स्प्रिंग आणि पिव्होट साफ करा. काढून कोपऱ्यात टाकलेलं गार्ड मी कितीतरी कारखान्यांत पाहिलंय, त्यावर भुशाचा थर बसलेला.

शेवटी, मशीन कोण चालवणार त्यांची नावं कागदावर लिहून मशीनजवळ चिकटवा. दोन किंवा तीन, त्याहून जास्त नाहीत. नवीन पोराला "जरा एवढं मारून दे" असं कोणीही सांगायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही, ऑर्डर उद्या द्यायची असली तरीही.

पुढच्या भागात थिकनेसर घेऊ. एक बाजू सपाट झाली, आता दुसरी तिला समांतर कशी करायची, ते त्यात बघू.